गाडीनं दीव, तापीच्या मुखाकडून

अमळनेरात बसून समुद्राचा बेत करायचा म्हटलं की सगळे कोकणाचं नाव घेतात. आधी नाशिक, मग कसारा, मग मुंबईच्या वेशीवरची कोंडी आणि पुढे पुन्हा घाट. ह्यांचं मत वेगळं. आपली नदी जिकडे वाहते तिकडे आपणही जावं. तापी काही अलिबागला जात नाही; ती सुरत ओलांडून हजिऱ्याजवळ समुद्राला मिळते. त्याच हजिऱ्याहून माणसांसोबत गाड्याही वाहून नेणारी बोट सुटते आणि खंबातचं आखात पार करून पलीकडे घोघ्याला लागते. घोघ्याहून सौराष्ट्राच्या किनाऱ्यानं खाली गेलं की दीव. म्हणायला बेट, पण पूल असल्यामुळे आपली गाडी थेट आत जाते.

दीवचं नाव काढलं की समोरचा गालातल्या गालात हसतो. गुजरातेत दारूबंदी, दीव केंद्रशासित, तिथे बंदी नाही. त्यामुळे दीवला जाणारा माणूस कशासाठी जातो हे लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. आमच्या गल्लीतल्या आजी तर "दीवले? दोन्हीजन?" असं विचारून माझ्याकडे बघतच राहिल्या. आम्ही दोघंही घेत नाही, हे सांगून काही उपयोग होत नाही. मी सांगणंच सोडून दिलं.

शेतीवाल्या घरातून निघायचं म्हणजे मुहूर्त शेतच काढतं. कापसाची मोठी वेचणी उरकली होती, हरभऱ्याला पाणी देऊन झालं होतं आणि तो घाट्यावर यायला अवकाश होता. तेवढी फट मिळाली. दिवाळीची सुट्टी आणि वर्षअखेर या दोन्ही वेळी दीवला सुरत-अहमदाबादकडचे लोक लोटतात, खोल्यांचे भाव चढतात. जानेवारीत मात्र हवा छान आणि गर्दी बेताची. पावसाळ्यात तर विचारही करू नये, समुद्र खवळलेला असतो.

अमळनेरहून धुळं, मग साक्री, पुढे कोंडाईबारीचा घाट उतरून विसरवाडी आणि नवापूर. घाट लहान आहे, पण मालवाहू ट्रकांची रांग लागली की त्यांच्यामागे गुमान चालावं लागतं. इथे ओव्हरटेकची हौस भागवू नये. पेट्रोलची टाकी धुळ्यात भरायची नाही, हे खानदेशातल्या प्रत्येक गाडीवाल्याला पाठ असतं. नवापूर ओलांडून गुजरात लागलं की भाव उतरतो. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. लग्न झाल्यावर पहिल्यांदा सुरतेला जाताना ह्यांनी मला ते दाखवलं होतं, आणि या खेपेलाही रस्त्यावरून बोट करून दाखवलंच.

सोनगडच्या पुढे उकाईच्या पाट्या दिसायला लागतात. तापीवरचं हे धरण १९७२ साली पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्यात आपल्या नवापूर तालुक्यातलीही गावं गेली. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहते. त्यातला मोठा तुकडा खानदेशातून जातो, पण तिचा शेवट आम्ही कधी पाहिलेला नव्हता. सुरतेला शंभर वेळा गेलो, पण ते कपड्यांसाठी आणि लग्नांसाठी.

उधन्याला नणंदेकडे मुक्काम. उधना, लिंबायत, डिंडोली या भागात फिरताना आपण खानदेश सोडून आलो असं वाटतच नाही. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत अहिराणी ऐकू येते. बोटीची तिकिटं भाच्यानं मोबाइलवरून काढून ठेवली होती. गाडीचा नंबर, गाडीचा प्रकार, दोघांची ओळखपत्रं, एवढंच लागलं. गाडी न्यायची असेल तर आधी आरक्षण केलेलं बरं, कारण सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची जागा आधी भरते. आणखी एक, आदल्या संध्याकाळी सुटण्याची वेळ पुन्हा बघून घ्यायची, कारण वेळापत्रक हलतं. आदल्या रात्री मुक्काम सुरतेतच हवा. अमळनेरहून पहाटे निघून बोट गाठू असं ठरवणाऱ्यानं कोंडाईबारीतले ट्रक आठवावेत.

ही हजिरा-घोघा सेवा ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली. रस्त्यानं आखाताला वळसा घालून जायचं तर ३७० किलोमीटर आणि दहा-बारा तास. पाण्यातून ९० किलोमीटर आणि साधारण चार तास. हिशेब करताना फक्त तिकीट आणि पेट्रोल असा तोल मांडला तर बोट महाग वाटेल. पण वडोदऱ्याकडून फिरून जाणं म्हणजे एक अख्खा दिवस स्टिअरिंगला देणं, आणि ह्यांचं कंबरेचं दुखणं त्या हिशेबात धरलं की बोट स्वस्त पडते.

गाडी बोटीत घालताना छातीत थोडं धडधडतं. खालच्या मजल्यावर ट्रक आणि मोटारी हातभर अंतरावर उभ्या करतात, माणूस हातवारे करून मागे-पुढे करायला लावतो. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, काचा बंद, आणि लागेल ते सामान आधीच हातात. कारण बोट चालू झाली की पुन्हा खाली जाता येत नाही. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कळण्याच्या पुऱ्यांचा डबा वर घेतला होता. वर खायला मिळतं, पण डबा उघडल्यावर शेजारच्या सुरती कुटुंबानं पुऱ्या चाखून पाहिल्या आणि बदल्यात खाकऱ्याचं पाकीट पुढे केलं.

निळा समुद्र बघायला निघालेल्यानं आखातात निराश होण्याची तयारी ठेवावी. खंबातच्या आखाताचं पाणी चहासारखं तपकिरी. तापी, नर्मदा, मही, साबरमती या सगळ्या नद्या आपला गाळ इथेच आणून टाकतात, आणि इथली भरती-ओहोटी इतकी जबर की तो गाळ खाली बसायलाच मिळत नाही. हे कठड्याला टेकून बराच वेळ ते पाणी बघत होते. मागच्या पावसाळ्यात आमच्या नाल्याकाठच्या वावराचा बांध फुटून काळी माती वाहून गेली होती. "बघ, आपलं वावर आठे शे," म्हणजे इथे आहे, असं म्हणाले. एरवी घरात अहिराणी बोलत नाहीत, शिक्षिकेशी लग्न झाल्यापासून तर मुळीच नाही. त्या दिवशी निघाली.

घोघ्याला उतरल्यावर भावनगर, तळाजा, महुवा, राजुला, ऊना असा रस्ता. भावनगर ते ऊना टप्पा लांब आहे आणि त्यावर अवजड वाहतूक खूप. तळाज्याच्या अलीकडे त्रापजजवळ अलंगचा फाटा लागतो. जगातली म्हातारी जहाजं इथल्या किनाऱ्यावर भरतीच्या जोरानं आणून चढवतात आणि तोडतात. हा उद्योग १९८३ पासून चालू आहे. तोडण्याच्या जागेवर आपल्याला जाता येत नाही, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानंच दुकानं आहेत. गाद्या, दोर, स्टीलची भांडी, कपबशा, लाइफजॅकेट, अख्खीच्या अख्खी स्वयंपाकघरं. मला दहा मिनिटं म्हणून थांबवलं आणि स्वतः तासभर हरवले. शेवटी जाड काचेचे, दांडीचे सहा पेले घेऊन आले. कुठल्या तरी परदेशी जहाजावरचे. "ताक प्यायला," म्हणाले. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

महुव्याजवळ हवेला कांद्याचा वास येतो. इथे कांदा वाळवून त्याची पूड करणारे कारखाने आहेत. ह्यांना तिथेही थांबून भाव विचारायचा होता. मी गाडी चालवत होते, थांबवली नाही. अंधार पडायच्या आत ऊना गाठायचं होतं. सौराष्ट्रात रात्री रस्त्यावर गुरं बसलेली असतात, आणि काळी म्हैस दिव्यांच्या उजेडात फार उशिरा दिसते.

ऊन्याहून दीव अगदी जवळ. आधी घोघला लागतं. ते दीवचाच भाग, पण मुख्य भूमीवर. चौकी ओलांडली, पूल ओलांडला आणि आम्ही बेटावर होतो. दुसरा रस्ता तडच्या चौकीकडून येतो.

आता फिरण्याविषयी. सगळा दीव जिल्हा मिळून जेमतेम चाळीस चौरस किलोमीटर. बेट पूर्व-पश्चिम लांबट, एका टोकाला किल्ला आणि दुसऱ्या टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचं गाव. मनात आणलं तर सगळी फेरी सकाळच्या चहा-नाश्त्याच्या मध्ये आटोपेल. हीच अडचण आहे. आम्हा खानदेशी लोकांना 'किती तासांत पोचलात' याचं भारी कौतुक. जळगाव-पुणे किती वेळात मारलं हे लग्नाच्या पंगतीत सांगायचा विषय. दीवमध्ये गाडी चाळिसाच्या वर नेली की बेट संपतं. म्हणून बेटावर गाडी मी चालवायची आणि ह्यांनी खिडकीशी बसायचं, असं पहिल्याच सकाळी ठरलं. मी निवृत्तीनंतर गाडी शिकले, मला वेगाची घाई नाही.

फेरीची दिशा महत्त्वाची. किल्ल्याकडून निघून दक्षिणेच्या किनाऱ्यानं पश्चिमेला जायचं. असं गेलं की समुद्र सतत डाव्या हाताला राहतो आणि वाटेल तिथे गाडी कडेला घेता येते, रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट्या दिशेनं येणारी कुटुंबं पोरांना घेऊन रस्ता ओलांडताना दिसतात तेव्हा हे पटतं. दीवमध्ये भाड्याच्या दुचाकीही मिळतात आणि बरेच जण त्यावरच फिरतात; ज्यांना गाडी शिकून थोडेच दिवस झालेत असे पर्यटक नागवा किनाऱ्याच्या वळणावर नागमोडी येतात, तिथे जपून.

किल्ल्याला मात्र गाडी लावून निवांत वेळ द्यावा. तीन बाजूंना समुद्र, जमिनीकडून खंदक, तटावर तोफा, आणि समोर पाण्यात पानीकोठा नावाचा छोटा दुर्ग. हुमायूनच्या स्वारीनं अडचणीत आलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशाहानं १५३५ साली पोर्तुगिजांना इथे किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १५३७ मध्ये, पोर्तुगीज गव्हर्नरला जहाजावर भेटून परतताना झालेल्या झटापटीत तो इथल्याच समुद्रात मारला गेला. त्याला मुलगा नव्हता. गादीसाठी नाव पुढे आलं ते त्याच्या भाच्याचं, आणि हा भाचा म्हणजे आपल्या खानदेशचा सुलतान मीरान मुहम्मदशाह फारुकी. तो निघाला, पण अहमदाबादला पोचण्याआधीच वाटेत वारला. नाही तर दीवच्या पाण्यात झालेल्या एका मृत्यूनं खानदेश आणि गुजरात एकाच गादीखाली आले असते. तापीकाठचं थाळनेर आमच्यापासून लांब नाही, तिथे फारुकींच्या जुन्या कबरी आहेत. शाळेची सहल घेऊन मी कितीदा तरी तिथे गेले आहे आणि पोरांना दर वेळी तारखा सांगितल्या आहेत. दीवच्या तटावर उभं राहून ते सांगताना ऐकणारा एकच विद्यार्थी होता, आणि त्यानं ताबडतोब उधन्याच्या भाच्याला फोन लावून "मामाच्या गादीवर लक्ष ठेवू नको, तब्येतीला बरं नसतं," असं कळवलं.

पोर्तुगीज १९६१ च्या डिसेंबरपर्यंत इथे राहिले; १९ डिसेंबरला गोवा आणि दमणसोबत दीवही मुक्त झालं. गावात त्यांच्या खुणा आहेतच. सेंट पॉलचं चर्च, तटबंदीचा झांपा दरवाजा, अरुंद गल्ल्यांमधली रंगीत घरं. बऱ्याच घरांना कुलपं दिसली. पोर्तुगीज काळात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, त्यामुळे इथली कुटुंबं पोर्तुगालला आणि तिथून इंग्लंडला गेली. आमच्याकडे सुरत-पुण्याला जातात, इथे लिस्बनला.

तटाबाहेरच्या नायडा गुहा सकाळी उशिरा बघाव्यात. किल्ल्यासाठी दगड काढून काढून त्या तयार झाल्या असं सांगतात. वरच्या भोकांतून ऊन आत उतरतं तेव्हाच तिथे काही दिसतं. ढगाळ दिवशी नुसता दमट अंधार. फोटो काढणाऱ्यांची इतकी रीघ असते की गुहेत उभं राहण्यापेक्षा दुसऱ्याच्या फोटोतून बाजूला होण्यातच वेळ जातो. मला फार काही वाटलं नाही.

चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीरानं ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. काचेत नौकेची प्रतिकृती ठेवली आहे आणि समोर तोच समुद्र. त्याच नावाची नंतरची नौका निवृत्त झाल्यावर दीवलाच आणली आहे. ७१ ला हे दुसरीत होते. घराच्या खिडक्यांना काळे कागद लावल्याचं त्यांना आठवतं. ते सांगत बसले आणि आम्ही तिथे ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबलो.

फुदमजवळ गंगेश्वर. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं आणि भरतीची लाट येऊन त्यांच्यावरून जाते. इथे वेळ साधावी लागते. ओहोटीला गेलं तर लिंगं कोरडी, पूर्ण भरतीला गेलं तर जवळ जाता येत नाही. भरती चढायला लागलेली असताना गेलं तर सगळं दिसतं. हॉटेलवाल्याला विचारलं की त्या दिवशीची वेळ सांगतो. आम्ही गेलो तेव्हा सोमनाथ-द्वारकेच्या यात्रेची एक बस आली होती, आणि बायकांचं बोलणं ऐकून मी मागे वळले. शिरपूरकडच्या निघाल्या. त्यातल्या एका म्हातारीनं लाट ओंजळीत घेतली, जिभेला लावली आणि थुंकून म्हणाली, "इतलं पानी शे, आन पेवाले थेंब नही!" टँकरच्या रांगेत हंडे लावून उन्हाळे काढलेल्या बाईला समुद्राबद्दल दुसरं काय वाटणार. तिनं मला गाव विचारलं, माहेर विचारलं, आडनाव विचारलं, आणि दोन मिनिटांत आमची लांबची सोयरीक निघाली. मग पाणी राहिलं बाजूला.

नागवा हा इथला गाजलेला किनारा, अर्धवर्तुळाकार आणि पोहायला बराचसा सुरक्षित. आम्हाला तिथल्या झाडांनीच जास्त थांबवलं. ताडाच्या जातीचं झाड, पण खोडाला फांद्या फुटलेल्या. इथे त्याला होका म्हणतात. ताड म्हणजे सरळसोट एकच खोड, अशी सवय असलेल्या डोळ्यांना ते खोटं वाटतं. दिवसभर पाण्यावर स्कूटर आणि पॅराशूटचा गोंगाट चालतो. तो नको असेल तर सकाळी लवकर जावं, किंवा थोडं पुढे गोमतीमातेच्या किनाऱ्यावर. तिथे वाळू मोकळी आहे, पण पोहू नये, लाट ओढते.

वणाकबारा मला सगळ्यात आवडलं, आणि तिथे पर्यटक जवळजवळ नव्हतेच. धक्क्यावर बोटींची दाटी, काठावर लाकडाच्या नव्या बोटी बांधण्याचं आणि जुन्यांच्या डागडुजीचं काम, दोऱ्यांवर आणि जमिनीवर वाळत घातलेली मासळी. वास येतो, तो सहन करायचा. सकाळी बोटी परतण्याच्या वेळी गेलं तर टोपल्या उतरताना बघायला मिळतात. बाया भाव करतात तो वेग आमच्या बाजार समितीतल्या अडत्यांनाही जमणार नाही. गाडी मात्र गावाबाहेर लावावी. आतल्या गल्लीत टेम्पो समोर आला की दोघांनाही मागे जायला जागा नसते.

परतताना उत्तरेचा रस्ता धरला. या बाजूला लाटा नाहीत, खाडी आहे, दलदल आहे, मिठागरं आहेत, आणि थंडीत रोहित पक्षी उतरतात. पर्यटकांची पुस्तिका या बाजूबद्दल फारसं बोलत नाही. ह्यांना सौर पॅनेलचं शेत दिसलं आणि मला पुन्हा गाडी थांबवावी लागली. दिवसाची सगळी वीज सूर्यापासून भागवणारा हा देशातला पहिला जिल्हा. आमच्या विहिरीवर सौरपंप बसवून झाला आहे, त्यामुळे पॅनेलचा कल कुठल्या दिशेला आहे, धूळ कशी पुसतात, यावर सविस्तर भाष्य ऐकलं. आमच्याकडे धूळ, इथे खारा वारा; गंज कुणाला आधी लागेल यावर एकमत झालं नाही.

ही फेरी आम्ही रोज केली. कधी फक्त वणाकबाऱ्यासाठी, कधी संध्याकाळी नुसतंच. लहान बेटाचा हा फायदा आहे. चुकलेलं ठिकाण उद्या वाटेत येतंच. खाण्याबद्दल काय सांगू? मासळी ताजी, गुजराती थाळी चांगली, आणि तिखट मात्र आमच्या जिभेला पोरांच्या वरणभाताइतकंच. काळ्या मसाल्याची पुडी जवळ बाळगावी.

सोमनाथ तिथून दोनेक तासांच्या रस्त्यावर आहे, ते एका दिवसात जाऊन-येऊन झालं. दर्शनाची रांग शिस्तीत होती आणि मोबाइल बाहेर जमा करावा लागतो, एवढंच लिहिते.

निघताना चौकीवर गाडी थांबवली. दीवहून गुजरातेत येणाऱ्या गाड्या तपासतात, त्यात वावगं काही नाही. बाटली बाळगून गुजरातेत शिरणं गुन्हा आहे. हवालदारानं डिकी उघडली, डबे हलवले आणि ह्यांच्या अलंगच्या पेल्यांचं खोकं त्याच्या हाती लागलं. दांडीचे सहा पेले. त्यानं एकदा पेल्यांकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि मग सीटखालपासून स्टेपनीपर्यंत सगळी गाडी नव्यानं तपासली. पेले आहेत म्हणजे बाटली असणारच! "ताक प्यायला," असं हे त्याला मोडक्या गुजरातीत समजावत होते आणि मी पुढच्या सीटवर तोंडाला पदर लावून बसले होते. त्याला मिळाली ती काळ्या मसाल्याची पुडी. वास घेऊन तो तीनदा शिंकला आणि आम्हाला सोडलं.

परत घोघा, बोट, हजिरा आणि रात्री उधना. नणंदेनं शेवभाजी करून ठेवली होती. हे बोटीच्या, जहाजांच्या आणि सौर पॅनेलच्या गोष्टी सांगत सुटले. भाच्यानं सगळं ऐकून घेतलं. आता येत्या थंडीत तो बायको-पोरांना घेऊन आमच्यासोबत यायचं म्हणतो आहे. तिकिटं तोच काढणार आहे. त्याची अट एकच, बेटावर गाडी मामीनं चालवायची.